परबबाईंचा आवडता धडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरण्याआधी लोक आत परबबाई आहेत का ते बघतात. असल्या तर जिन्याने जातात. कारण चौथ्या मजल्यापर्यंत बाई कुणाच्या ना कुणाच्या ग्रंथीचं निदान करतात. "सुहास, थायरॉइड तपासून घे, मान बघ तुझी." "काय गं, पाळी चुकली का? चेहरा सांगतोय तुझा." शेजारी त्या मुलीचे सासरे उभे असतात. ते बिचारे लिफ्टच्या पंख्याकडे बघत बसतात.

बाई मूळच्या मालवणच्या. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. प्रजननाचा धडा बाकीचे शिक्षक "घरी वाचा" म्हणून सोडायचे. बाई तोच वर्गाच्या खिडक्या उघड्या टाकून शिकवायच्या, म्हणजे शेजारच्या वर्गाचाही व्हायचा. मागच्या बाकावर कुणी फिदीफिदी हसलं, की त्यालाच फळ्यावर चित्र काढायला बोलवायच्या. "लाजतंस कित्याक? गर्भाशय आहे, गुन्हा नाही." निवृत्त झाल्या, परबकाका वारले, बाई एकट्या राहू लागल्या, पण शिकवणं काही थांबलं नाही.

मी पडलो लाजाळू. औषधाच्या दुकानात चारचौघांत कफ सिरप मागतानाही माझा आवाज बसतो. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल होईना, तेव्हा मला डॉक्टरांकडेही मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, बखोट धरून नेलं. तिथे नर्सने नमुना द्यायला माझ्या हातात एक बाटली ठेवली. "रक्ताचा ना?" मी विचारलं. मनीषा अजून त्यावरून हसते.

शेवटी आयव्हीएफ करायचं ठरलं. मनीषाला रोज संध्याकाळी सात वाजता पोटात हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि ते मी द्यायचं होतं. कुणाला कळू नये म्हणून मी ती इंजेक्शनं फ्रिजमध्ये लपवली. कुठे? आमसुलांच्या डब्यात. शेजारी मालवणची बाई राहत असताना! दुसऱ्याच दिवशी बाई सोलकढीसाठी आमसुलं न्यायला आल्या आणि हक्काने त्यांनी फ्रिज उघडला.

"अरे, एफएसएच!" जुनी मैत्रीण भेटावी तसा त्यांचा चेहरा फुलला. "अंडाशयातली बीजं वाढवणारं. कुणाचं रे?"

"शेजाऱ्यांचं," मी म्हणालो.

"मेल्या, शेजारीण मी आहे."

म्हटलं, वाट लागली, उद्या लिफ्टमध्ये जाहीर होणार. पण बाईंनी बाहेर एक अवाक्षर काढलं नाही. उलट मला शिकवायला घेतलं. सिरिंजमध्ये पाणी भरून दिलं, समोर वांगं ठेवलं. मी सात वांग्यांना झकास टोचलं. मग प्रत्यक्ष वेळ आली. मनीषाने पोटाची चिमटी धरली, मी सुई टेकवली आणि डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो. बाई तोंडावर पाणी मारत होत्या आणि मनीषा स्वतःच टोचून घेऊन चहा टाकायला गेली होती. पुढचे सगळे दिवस मनीषाने स्वतःच टोचून घेतलं. बाई माझा हात धरून बसायच्या.

यथावकाश डॉक्टरांनी पाच दिवसांचा गर्भ मनीषाच्या गर्भाशयात सोडला. आता निकालासाठी दोन आठवडे थांबायचं. बाई रोज येऊन ताजी बातमी द्यायच्या. "आज कवचातून बाहेर पडला असेल हां." "आज भिंतीत रुजायची खटपट." "आता बघ, एचसीजी सोडेल. म्हणजे आईच्या अंडाशयाला निरोप: मी आलोय, मला टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बंद करू नका. टाचणीच्या टोकाएवढा जीव, पण हुशारी बघ!" मी ऑफिसात बसून प्रोजेस्टेरॉनची काळजी करू लागलो.

रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

मी बाईंची बेल वाजवून सांगितलं. वाटलं, आता कारणं ऐकावी लागणार. बाई येऊन मनीषाजवळ पलंगावर बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "रड गो बाय." मनीषा रडली. मी तिच्यासाठी पाणी आणलं होतं. ते हातात घेऊन उभा राहिलो आणि शेवटी मीच पिऊन टाकलं.

"मला तीनदा राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत गेलं. घरात कुणी विषयच काढला नाही. ह्यांनीसुद्धा नाही. मला वाईट वाटेल म्हणून. तिसऱ्या वेळी चार दिवसांनी कॉलेजात गेले, तर नेमका हाच प्रजननाचा धडा आलेला. म्हटलं, इथे तरी मोठ्याने बोलू."

पाच महिन्यांनी आम्ही पुन्हा प्रयत्न केला. या वेळी राहिलं. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी होती, बाईही सोबत आल्या. आत मनीषाबरोबर एकालाच सोडणार होते.

"बाई, तुम्ही चला," मनीषा म्हणाली. "हा आत पडला तर डॉक्टर त्यालाच उचलत बसतील."

"मी? नको गं," बाई म्हणाल्या. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मनीषाने त्यांचा हात सोडला नाही.

दहा मिनिटांनी दार उघडलं. बाई एकट्याच बाहेर आल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोन बोटं त्यावर आपटू लागल्या. भराभर, भराभर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं थांबत नव्हती.

आमची लेक आता दोन वर्षांची आहे. तिच्या काळजाचे पहिले ठोके मला असे कळले, बाईंच्या बोटांतून.