उगवतीकडचा भोंगा

सोपानआबा माईक हातात घेतात, घसा खाकरतात, उगवतीकडे तोंड करतात आणि विचारतात, "उगवतीकडं आवाज येतोय का?" उगवतीकडे कोणीही नसतं. आखाड्याच्या बाकी तिन्ही अंगांना माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि त्या बाजूला ओढा, ओढ्यापलीकडे कांद्याची वावरं आणि लांब टेकाडाजवळ एक वस्ती. तरी एक भोंगा तिकडे पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मंडप आणि साउंडचा धंदा माझा, त्यामुळे या हट्टाचा ताप मला. मी शेजारच्या गावचा. पारनेर तालुक्यात जत्रा सुरू झाल्या की कुस्त्यांच्या हगाम्यात भोंगे माझे आणि आवाज आबांचा, हे ठरलेलं. दुसऱ्या गावांत भोंगे कसेही बांधा, आबा वर बघतसुद्धा नाहीत. स्वतःच्या गावात मात्र त्या एका भोंग्यापायी ते मला लिंबाच्या शेंड्यावर चढवतात.

"आबा, कांद्याला कुस्ती ऐकवायची का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कांद्यालाबी कळू दे की गावात काय चाललंय," आबा म्हणाले.

गावात, राज्यात आणि देशात काय चाललंय हाच आबांचा खरा विषय. कुस्ती आपली निमित्ताला. दोन पैलवान नुसतेच हातात हात घालून गोल फिरायला लागले की भोंग्यातून येणार, "आरं, भिडा की! ही काय युतीची बोलनी हाईत का?" एखादा पैलवान तालीम बदलून आला असेल तर, "गेल्या साली हा दुसऱ्या तालमीत हुता, आवंदा हिकडं. पुढारी झाला तर लई नाव काढील!" जिंकलेल्याला बक्षीस देताना हुंड्यावर चार शब्द. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आठ. मुलींच्या कुस्त्या लागल्या आणि म्हातारे उठायला लागले की आबा त्यांना नावानिशी खाली बसवतात. "बसा, नाना! पोरीचा डाव पोरीला खेळू द्या. आपन फकस्त टाळ्या वाजवायच्या." हे म्हणताना त्यांचं तोंड हमखास उगवतीकडे असायचं. मला वाटायचं, सवय असेल.

आणि सगळ्यात मोठा राग बरोबरीवर. कुस्ती लांबली, पंच जोड सोडवायला निघाले, की आबा ओरडणार, "निकाल पाहिजे!" नळाला पाणी का येत नाही, निकाल पाहिजे. रस्ता अर्धा का राहिला, निकाल पाहिजे. पोरंसोरंही आता चहाच्या टपरीवर उधारीवरून "निकाल पाहिजे" म्हणतात.

हाच माणूस घरी बघाल तर ओळखणार नाही. मी चहाला गेलो की ओसरीवर थोरले भाऊ बोलतात आणि आबा मान हलवतात. चहात साखर कमी आहे की नाही हेही थोरल्यांनी सांगायचं. माईक नसला की तो आवाज कुठे जातो कोण जाणे!

गेल्या जत्रेत आबांनी जरा जास्तच ताणलं. सरपंचांचा सत्कार भर कुस्तीत सुरू झाला, पैलवान घाम पुसत उभे. आबा म्हणाले, "पैलवान थांबलेत, नळ थांबलेत, सत्कार तेवढा चालू हाय." सरपंच गळ्यातल्या हारासकट निघून गेले.

म्हणून यंदा जत्रेच्या कमिटीनं बजावलं, "आबा, नाव, गाव आन् निकाल. एक शब्द वर गेला तर माईक काढून घेऊ, आन् फुडल्या साली कोपरगावचा निवेदक आनू."

मला वाटलं, आता आबा कमिटीचीच कुस्ती लावतील. पण ते कसनुसं हसले. "न्हाई बोलत. भोंगा तेवढा उगवतीला ऱ्हाऊ द्या. माईक काढू नका."

आणि खरंच, दुपारभर ते नाव, गाव आणि निकाल एवढंच बोलले. तलाठ्यासारखे! हगामा पार अळणी झाला. लोक भेळ खायला उठायला लागले. मला तर गलबलून आलं, एवढा बोलका माणूस असा आवळलेला बघवेना.

शेवटची मानाची कुस्ती सुरू होती, तेव्हा माझा फोन वाजला. नंबर माझा जत्रेच्या प्रत्येक पत्रकावर छापलेला असतो. पलीकडून एक बाई.

"दादा, मी शकू. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरनं बोलते. नावं ऐकू येत्यात, पन आबांचं बोलनं येत न्हाई. माझ्या आबांना बरं हाय ना?"

आबांना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "शकूचा फोन होता. विचारतेय, आबांना बरं आहे ना."

आबांनी माईक खाली केला. ते उगवतीकडे वळले. इकडे आखाड्यात पंचांनी दोन्ही पैलवानांचे हात धरले, बरोबरी जाहीर करायला.

"थांबा!" आबा उठून उभे राहिले. "निकाल पाहिजे!"

कमिटीचा एकजण माईककडे धावला.

"घिऊन जा, पन येवढं बोलू द्या. ह्यात राजकारन न्हाई. माझ्या शकूनं आपल्या पसंतीनं लगीन केलं. भावकी बसली, तिचं तोंड बघायचं न्हाई आसं ठरलं. साऱ्या जगाच्या भानगडीत बोलनारा मी, त्या दिवशी खाली मान घालून बसलो. तवापासनं भोंग्यातनं तिला माझा आवाज धाडतोय, पन खरं ते बोललो न्हाई. ती कुस्ती मी बरोबरीत सोडवून ठिवली. आज निकाल देतो. शकू, तू जिकलीस. तुझ्या बापाची पाठ मातीला लागली. उद्या सकाळी मी तुझ्या दारात येनार. ज्याला माझ्याशी बोलायचं नसंल, त्यानं बोलू नये."

पहिल्या रांगेतून थोरले भाऊ उठले आणि कोणाकडे न बघता चालते झाले. माईक घ्यायला आलेला माणूस हात पुढे करून तसाच उभा. मग हलगीवाल्यानं हलगीवर काडी टाकली, कुस्ती निकाली झाल्यावर वाजवतात तशी, आणि टाळ्यांनी आखाडा भरून गेला. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोळेही पुसत होतो, लाज कसली त्यात!

आबा मटकन खुर्चीत बसले. "बाळ्या, उगवतीकडचा चालू हुता ना रं?"

मी हो म्हणेपर्यंत फोन पुन्हा वाजला. नंबर तोच. मी न उचलता त्यांच्या हातात दिला. आबांनी तो माईकसारखा तोंडासमोर धरला. मी उचलायचं बटण दाबून दिलं आणि फोन नीट त्यांच्या कानाला लावला.

माईकशिवाय त्यांना काही सुचेना. मग आबांनी घसा खाकरला आणि अगदी हळू विचारलं, "शकू... आवाज येतोय का?"