बायनाबाईची पेटी आणि माझी बदली

गोष्ट पुढं कशानं सरकते, हे मला विचारा! मोठमोठे लेखक यावर पानंच्या पानं लिहितात. मी एका वाक्यात सांगतो : ऐकणाऱ्याला अडकवून ठेवा, गोष्ट आपोआप पळते! आता मासिकांनी माझ्या बारा कथा 'साभार परत' केल्या, हे खरं. पण दोष संपादकांचा. ते गादीला टेकून वाचतात. माझी गोष्ट चालत्या गाडीत ऐकावी लागते!

साल चौऱ्याऐंशी. माझं घर चामोर्शीला आणि शाळा मुलचेऱ्याच्या अलीकडं, पार जंगलाला टेकलेली. सकाळी आठच्या एसटीनं निघताना आणि रात्री घरी परत येईतो माझी तीन वर्षांची पोरगी झोपलेली. एका रविवारी सकाळी तिनं मला पाहिलं आणि आत पळत जाऊन आईला सांगितलं, "आई, पाव्हणे आले!"

मी हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, "बदली करून घ्या. नाई तर पाव्हण्यावानी येताना खाऊ तरी आणत जा."

दुसऱ्याच दिवशी मी चामोर्शीला बदली मागणारा अर्ज ठोकला. शाळेची तपासणी चांगली झाली की शिक्षण विभागाचे नवे विस्तार अधिकारी शिफारस करणार होते. तोवर रोजचा प्रवास होताच.

त्या प्रवासातच ही गोष्ट सुरू झाली. एक दिवस गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर हरिदासभाऊ आणि कंडक्टर सुकलू चाक बदलत होते, लोक कंटाळले होते. मी म्हटलं, चला, दाखवू या आपली कला! सुरुवात केली : वैनगंगेच्या काठच्या बायनाचा नवरा नदीत बुडाला. महिन्याभरानं ती पहाटे डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन घराबाहेर पडली. पेटीला हे एवढं कुलूप! दीर मागून धावत आला, "वयनी, पेटी दे!" बायनानं वळून पाहिलं आणि...

आणि चाक बसलं, गाडी सुटली. मी पुढं अवाक्षर बोललो नाही! शाळा आली, उतरलो. मागून सगळी गाडी ओरडली, "मंग?"

अहो, काय त्या 'मंग'ची नशा! साभार परतीच्या बाराही पाकिटांचं दुःख धुऊन निघालं!

झालं! रोज थोडी गोष्ट आणि ऐन मोक्याला माझा थांबा. पेटीमागं दीर लागला, लाकडाचा ठेकेदार लागला, एक भोंदू साधू लागला. पाचव्या दिवशी तलाठ्याचा थांबा मागं राहिला, त्याला पत्ता नाही. दहाव्या दिवसापासून मुलचेऱ्यात काडीचं काम नसलेली माणसं जागा धरायला दुपट्टे टाकू लागली. पुढच्या बाकड्यांचं म्हणणं, पेटीत सोनं आहे. मागचे म्हणायचे, हाडं! एका सोयरिकीत व्याही व्याह्याशी यावरून बोलेना.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. पेटीत काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं! पण मी निर्धास्त होतो. वेळ आली की सुचेल!

वेळ तेविसाव्या दिवशी आली. त्या दिवशी तपासणी होती. साहेब जीपनं अकराला पोचणार होते. मी इस्त्रीचा सदरा घालून ड्रायव्हरमागच्या माझ्या जागेवर बसलो. शेजारी सफारी घातलेले, मांडीवर ब्रीफकेस घेतलेले एक गृहस्थ होते. नक्की विम्याचा एजंट! मी चटकन खिडकीकडं तोंड केलं.

गाडी जंगलाला लागली तसा हरिदासभाऊ म्हणाला, "जय भीम गुरुजी! करा सुरू."

"आज गोष्ट नाही हरिदासभाऊ. आज तपासणी. साहेबाला असा गुंडाळतो की पंधरा दिवसांत चामोर्शीला बदली!"

"बदली?" सुकलू तिकिटं फाडता फाडता थांबला. "म्हंजे तुमी या गाडीनं येनार नाई?"

"कशाला येऊ?"

"अन् पेटी?"

"पेटीचं काय घेऊन बसलास! पुढं पाहू."

करकचून ब्रेक लागला. दोन्हीकडं सागाचं जंगल, मध्ये आमची गाडी. हरिदासभाऊनं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि माझ्याकडं वळून बसला.

"गुरुजी, तेवीस दिवस झाले, मले जेवन गोड लागत नाई. पेटी उघडा. मंगच गाडी हालन."

"अहो, दहा वाजले! माझ्या बदलीचा प्रश्न आहे!"

"मंग लवकर उघडा न जी!"

ठीक आहे. इतका मोठा कथाकार मी, एक पेटी उघडता येत नाही? आवाज लावून म्हणालो, "बायनानं कुलूप काढलं. झाकण उचललं. आत... सोनं!"

"हात्तीच्या!" मागून आवाज आला. "सोनं असतं तं तिनं ठेकेदाराच्या दारात भाकर काऊन मांगतली असती?"

बरोबर होतं. अकराव्या दिवशी मीच मागायला लावली होती.

"सोनं नाही! हाडं!"

"मुसळधार पान्यात पेटी उशाले घेऊन झोपली थे," सुकलूनं आठवण करून दिली. "हाडायवर झोपते का कोनी?"

"मग... मग पेटी रिकामी होती!"

गाडीत असा गिल्ला उठला की झाडावरची वानरं पळाली! "फसवलं!" "आमचे तेवीस दिवस वापस करा!" सव्वादहा झाले. डोळ्यांपुढं ती जीप, ते साहेब आणि माझी पोरगी आईला सांगतेय, "पाव्हणे आले!"

तेवढ्यात मागून अंजनाबाई उठली. ढिवर मासेमारांतली बाई, सुकवलेल्या झिंगा मासळीची टोपली घेऊन मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये विकायला जायची. झिंग्यांच्या वासामुळं तिची जागा कायम शेवटची. तेवीस दिवसांत ती एकदाही 'मंग?' म्हणाली नव्हती.

"गुरुजी, एक इचारू का? त्या बायनेले पाह्यजे काय होतं?"

"म्हणजे?"

"दिराले पेटी पाह्यजे, ठेकेदाराले पेटी पाह्यजे, साधूले पेटी पाह्यजे. तिले काय पाह्यजे, थे तुमी सांगतलंच नाई. थे चालून काऊन राह्यली?"

तेवीस दिवस मी त्या बाईला रानोमाळ पळवलं होतं, पण तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं! खरं सांगतो, लाज वाटली.

"मी सांगू?" अंजनाबाई म्हणाली. "पेटीत तिच्या नवऱ्याचं जाळं हाय. आमच्यात बाईनं मासोळी इकाची, जाळं टाकाचं नाई. टाकलं तं गाव हासते. तिले जाळं टाकाचं हाय. म्हून थे असा काठ पाहून राह्यली, जिथी तिले कोनी वळखत नाई. दीर काऊन धावला? जाळं गेलं तं त्याच्या घरचा धंदा गेला. बाकीच्यायले वाटलं, एवढं झाकते तं सोनंच असन."

हरिदासभाऊनं दुपट्ट्यानं डोळे पुसले. मीही इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे टिपले. माझ्याच गोष्टीत, आणि दुसऱ्या कुणी सांगितल्यावर!

"मंग?" सुकलूनं हळूच विचारलं. "टाकलं का जाळं तिनं?"

"थे उद्या," अंजनाबाई खाली बसत म्हणाली. "गुरुजीले उशीर होऊन राह्यला. चालू कर गाडी!"

गाडी सुटली. मी पुढं डोकं धरून बसलो. मागं काहीतरी कुजबुज चालली होती. सुकलूनं विम्याच्या एजंटालाही मागं बोलावून नेलं. मी लक्ष दिलं नाही. साडेअकराला शाळेपाशी उडी मारली. पाहतो तर एजंटही माझ्यामागून उतरला.

"आज विमा नको हो!" मी हात जोडले.

"मी गुणवंतराव," ते म्हणाले. "विस्तार अधिकारी. जीप बिघडली म्हणून गाडीनं आलो. चला, वर्ग दाखवा."

पुढचे पाच तास मला नीट आठवत नाहीत. पण पोरांनी लाज राखली. पाढे खणखणीत, कविता तोंडपाठ! साहेबांनी 'उत्तम' शेरा लिहिला. माझा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात मी चामोर्शीला पोचलोही!

"बदलीची शिफारस मी करणारच होतो," साहेब म्हणाले. "पण तुमच्याविरुद्ध एक अर्ज आला आहे."

"कुणाचा?"

"प्रवाशांचा. कुणाचं अक्षर धड नव्हतं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्याजवळ पेन दिसला म्हणून अर्ज मलाच लिहायला लावला आणि साहेबांना द्यायलाही मलाच सांगितलं. वाचा."

साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'गुरुजींना गोष्ट सुरू करता येते, पण संपवता येत नाही. अंजनाबाईंना संपवता येते, पण कोणी चुकीची सांगितल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत. सबब, गुरुजींची बदली करण्यात येऊ नये.'

खाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे होते. बेचाळिसावी सही साहेबांची!