रिबकाबाईंची शेवटची जागा

बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचा टँकर आला की पहिली घागर रिबकाबाईंची. सांगलीची एस.टी. लागली की खिडकीतून आत पडणारी पहिली पिशवीही त्यांचीच. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात प्रभुभोजनाची, म्हणजे एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायची, रांग लागली, की ही बाई सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राही. कुणी पुढे बोलावलं तर डोळे वटारी.

कुणी याला नम्रता म्हणे, कुणी शिष्टपणा. मी प्राथमिक शाळेत मास्तर, मंडळीचा चिटणीस आणि बाईंचा शेजारी. नम्रतेचा संशय मला कधीच आला नाही.

उपासनेनंतर रविवारच्या शाळेत बाई पोरांना शिकवत. एखादं पोर वचन घडाघडा म्हणू लागलं की ओरडत, "तोंड मिट, हात दाव!" ख्रिस्ताच्या करुणेचा पाठ आला, तेव्हा त्यांनी दाराशी वेगळे बसणाऱ्या दाविदतात्यांना वर्गात बोलावलं. तात्यांचा महारोग केव्हाच बरा झाला होता, पण गेलेली बोटं काही परत आली नव्हती. प्रभुभोजनाला सगळ्यांनंतर तात्या, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. त्यांच्यानंतर फक्त बाई.

बाईंनी पेलाभर पाणी आधी तात्यांना दिलं, मग स्वतः प्याल्या आणि पेला पोरांकडे दिला. एका पोरीनं तो उंच धरला.

"वरून न्हाई! तोंड लावून!" बाई कडाडल्या.

संध्याकाळी पोरांचे आईबाप मंडळीच्या पंचांच्या दारात. बाईंनी माफी मागावी, नाहीतर वर्ग सोडावा, असा ठराव झाला. पत्र घेऊन मला धाडलं.

बाई तांदूळ निवडत होत्या. "बारा वर्सं वर्ग घेते मी, मास्तर. काढून घ्या. चावडीपुढं बसवीन पोरं! तात्याला डाक्टरनं बरं झाल्याची चिठ्ठी दिली हाय. आता येशूचीबी आणू व्हय?"

"अहो बाई, माफीचे दोन शब्द. एवढा हट्ट कशासाठी?"

सुपातला हात थांबला. "माझ्या थोरल्या भावाला त्योच रोग हुता. माहेरी, मेढ्याच्या देवळात त्यालाबी शेवटी ठेवायचे. मी त्याच्या आदी प्याले आन् जाग्यावर जाऊन बसले. त्यानं प्याला हातात घेऊन माझ्याकडं बघितलं. परत कवा देवळात आला न्हाई." मग म्हणाल्या, "द्या ते पत्र."

मी दिलं नाही. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मीही तात्यांच्या आधीच जात होतो.

पुढच्या प्रभुभोजनाला मी बाईंच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी दंडाला धरून मला तात्यांच्या पाठीशी आणलं.

"मागची जागा माझी हाय. तुमी हितं ऱ्हावा."

तात्या प्याले. पाळकांनी तोच प्याला माझ्यापुढे केला. पंच बघत होते. मी ओठ लावले. मागे बाई रडत होत्या, आणि रडता रडता मला ढोसत होत्या, "आटपा की मास्तर. वर्ग घ्यायचा हाय मला."