घरबसल्या परिषद

बांधकाम तंत्रज्ञान परिषदेच्या दिवशी कंत्राटदारांनी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली अर्धी चड्डी चढवली आणि आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून ते बसले.

“अहो, प्रत्यक्ष जाऊन या की,” बायको म्हणाली. “चार माणसं भेटतील.”

“भेटतात म्हणूनच जात नाही. भाषणं इथंही ऐकू येतात, आणि चहा तुझाच बरा असतो.”

नव्या रुग्णालयाच्या कामासाठी अर्ज करायचा, तर या परिषदेचं हजेरीपत्र जोडावं लागणार होतं. शेवटपर्यंत लॅपटॉपसमोर बसलं तरी ते मिळणार होतं, त्यामुळे कंत्राटदार निर्धास्त होते.

पहिलंच भाषण छतांच्या गळतीवर. वक्त्या बाई म्हणाल्या, “पाणी जिथं टपकतं, तिथूनच आलेलं असतं असं नाही. ते वाट काढत येतं.” कंत्राटदारांनी वहीत हे वाक्य लिहिलं आणि त्यावर टप्पकन थेंब पडला.

त्या खोलीचं छत दोन वर्षं गळत होतं. त्यावरून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी इमारतीच्या ग्रुपवर दोन वर्षं युद्ध पेटलेलं होतं. शेजारी कायम फिरतीवर, त्यामुळे दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओळख होती ती एकमेकांच्या शुद्धलेखनाच्या चुकांशी.

दुसरा थेंब थेट लॅपटॉपवर पडला. कंत्राटदारांनी घाईघाईनं रुमाल फिरवला, त्यात माईक सुरू झाला. हे सोडून बाकी सगळं त्यांच्या लक्षात आलं.

“अगं, बादली आण! वरच्या त्या पाणघोड्यानं परत आंघोळ सुरू केलीय!”

“कुठली बादली? एक चिरलीय!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

“कुठलीही आण! मी इथं गळती थांबवायला शिकतोय आणि माझ्याच डोक्यावर धबधबा!”

सभागृहात तीनशे माणसं बसली होती. वक्त्या बाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ज्यांच्याकडे गळतंय, त्यांनी आधी लॅपटॉप बाजूला घ्यावा.” हशा उसळला. कंत्राटदारांनी हात पुढं केला, तोवर लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता.

“गेली हजेरी,” ते पुटपुटले.

बायकोनं बादली खाली ठेवली. “आता पँट घाला.”

दीड तासानं ते परिषदेच्या सभागृहाबाहेर नोंदणीच्या टेबलासमोर उभे होते. “माझा लॅपटॉप बंद पडला, म्हणून...” एवढंच बोलले, तर टेबलावरच्या बाईंचा चेहरा उजळला. “बादलीवाले तुम्हीच ना?”

चहाच्या सुट्टीत ही बातमी कपबशीबरोबर हातोहात फिरली. “मिळाली का हो धड बादली?” असं विचारून लोक हसायचे, पण मग इकडेतिकडे बघून कानाशी लागायचे. टोलेजंग इमारती बांधणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी पलंगच सहा महिने भिंतीपासून दूर सरकवलेला होता. दुसऱ्यांच्या देवघरात छत्री होती.

हे ऐकून कंत्राटदारांचा जीव जरा भांड्यात पडला. ते कोपऱ्यातल्या एका स्टॉलवर गेले. तिथं काडीसारखा एक बारीक माणूस कॅमेरा दाखवत होता. “भिंतीआड ओल असेल, तर यात निळं दिसतं.”

“माझ्याकडे आणाच एकदा,” कंत्राटदार म्हणाले आणि त्यांनी पत्ता सांगितला.

लिहिता लिहिता त्या माणसाचं पेन थांबलं. “तिसरा मजला?”

“हो.”

“मी चौथा. पाणघोडा.”

कंत्राटदारांना पळून जावंसं वाटलं, पण मागे चहासाठी रांग होती. “तुम्ही तर... अगदीच बारीक आहात,” ते कसंबसं म्हणाले.

“तुमच्या तक्रारींमुळे त्या खोलीवरचं न्हाणीघर दोन वर्षं कुलूपबंद आहे, साहेब. पाच माणसं एकाच न्हाणीघरापुढं रांग लावतो. सासरे माझ्याशी बोलत नाहीत.”

“बंद आहे? मग पाणी येतं कुठून?”

हा साधा प्रश्न दोन वर्षांत ग्रुपवर कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी हजेरीपत्र खिशात घालून कंत्राटदार शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. कॅमेऱ्यात खोलीच्या छतावर निळी रेघ उमटली. ती भिंतीपलीकडे मागच्या गॅलरीत गेली आणि कपडे वाळत घालायच्या दांडीच्या स्क्रूपाशी थांबली.

“इथून आमच्या नळाचा पाइप जातो,” शेजारी म्हणाला. “हा स्क्रू कुणी मारला?”

बायकोनं कंत्राटदारांकडे बोट दाखवलं. “सुताराला बोलवू या, असं मी म्हटलं होतं. तर हे म्हणाले, वीस वर्षं बांधकामात आहे मी, मला एक भोक पाडता येत नाही का?”

त्याच पावली कंत्राटदार वर गेले आणि घरातल्या पाचही जणांची वेगवेगळी माफी मागून आले. दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून त्यांनी पाइप बदलून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या सासऱ्यांनी कुणाशी एक अक्षर न बोलता टॉवेल उचलला, ते उघडलेल्या न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी घातली. खाली कंत्राटदार आणि बायको माना वर करून बसले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. छतातून थेंबसुद्धा आला नाही. मग वरून खड्या आवाजात गाणं सुरू झालं.

“अजून आंघोळच चाललीय?” बायकोनं विचारलं.

“चालू दे,” कंत्राटदार हळूच म्हणाले. “दोन वर्षांचं साठलंय.”