गोदाक्काचं नाणं आणि महाराजांचं टेंगूळ

एका जंगलात, बाळांनो, नाण्याने काहीही विकत मिळत नसे. म्हणूनच तिथे सगळ्यांना नाणी जमवायचा नाद लागला. हसू नका, मोठ्यांचं असंच असतं.

त्या जंगलात गोदाक्का नावाची साळू राहायची. तिच्याकडे तांब्याचं एकच नाणं होतं, तिच्या आईने दिलेलं. कुणाचं पिल्लू धडपडलं, कपाळावर टेंगूळ आलं, की गोदाक्का ते गार नाणं टेंगळावर दाबून धरायची आणि म्हणायची, "असू दे हां, बाळ. गेलं बघ." आणि टेंगूळ खरंच बसायचं. निम्मं जंगल त्या नाण्याखाली लहानाचं मोठं झालं होतं.

पण नाद म्हटला की नियम आले. जंगलात प्रतवारी कचेरी निघाली. चिचुंद्रीबाई तिथल्या पारखी. त्यांना मुळातच कमी दिसायचं, म्हणून त्यांच्याकडे भिंग होतं, आणि भिंग होतं म्हणून त्यांना पारखी नेमलं होतं. कचेरीची पाटी त्यांनी स्वतःला वाचता येईल इतकी खाली टांगली होती. आत जायचं तर हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना वाकावं लागे.

सगळ्यात वरची प्रत 'अस्पर्श'. म्हणजे ज्या नाण्याला कधी कुणी हात लावला नाही असं. त्याखाली 'जवळजवळ अस्पर्श', मग 'अतिसुंदर', मग 'सुंदर', आणि तळाला 'चांगलं'. 'चांगलं' म्हणजे वाईट, हे समजायला जंगलाला दोन पावसाळे लागले. प्रत मिळालेलं नाणं काचेच्या डबीत घालून वर लाखेची मोहोर करत. डबी उघडली की प्रत गेली.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. वाघोजी महाराजांची डरकाळी हल्ली फार लांब जात नाही, तेव्हा त्यांच्यासाठी घंटा ओतायची आहे. ज्या नाण्याला प्रत मिळणार नाही, ते माकडांच्या भट्टीत जाईल.

गोदाक्काने आपलं नाणं काढून उन्हात धरलं. आईची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती.

शेजारच्या भेकरवहिनी म्हणाल्या, "अक्का, किती काळं पडलंय हे! असं कसं नेणार? चिंच आणि राख लावा, खसाखसा घासा."

वहिनींचं स्वतःचं नाणं 'अस्पर्श' होतं. उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी चिखलात सापडलं होतं आणि तिथून थेट डबीत गेलं होतं. त्यामुळे वहिनींचा शब्द म्हणजे शास्त्रच! गोदाक्काने रात्रभर घासलं. सकाळी नाणं लखलखत होतं. सणाला नटवलेल्या लेकराला न्यावं तसं ती ते घेऊन कचेरीत गेली.

चिचुंद्रीबाईंनी भिंग लावलं. "यावरच्या राजाचं नाक कुठंय?"

"लेकरांच्या कपाळाला गेलं, बाई."

"हरकत नाही. झिजलेल्याला 'चांगलं' देता येतं." मग त्यांनी नाणं हुंगलं आणि त्यांच्या मिशा ताठ झाल्या. "चिंच! अहो, हे धुतलंय! शंभर वर्षांची काळी झाक एका रात्रीत घालवलीत! काल आणलं असतंत तर वाचलं असतं. धुतलेल्या नाण्याला प्रत नाही. भट्टीच्या टोपलीत टाका."

गोदाक्काला रडू फुटलं. ती दारातच उभी राहिली. नाणं टोपलीवर धरलेलं, पण मुठीतून सुटेना.

तेवढ्यात घंटेच्या कामाची पाहणी करायला स्वतः महाराज आले. सगळे बाजूला झाले. आता महाराज म्हणजे महाराज, ते कुणापुढे वाकत नाहीत. ते ताठ मानेने दारात शिरले आणि पाटी खाडकन कपाळात बसली.

डरकाळी तीन टेकड्यांपलीकडे गेली. घंटेची गरज नाही हे तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं, पण कोण म्हणणार?

"नाणं आणा! गार नाणं!" महाराज ओरडले.

भट्टीची टोपली सकाळीच रिकामी झाली होती. कचेरीत सत्तावीस नाणी होती. सत्तावीसही डबीत. चिचुंद्रीबाई म्हणाल्या, "मोहोर तोडली तर प्रत जाईल, महाराज..."

गोदाक्काने डोळे पुसले आणि पुढे होऊन आपलं नाणं महाराजांच्या कपाळावर दाबलं. सवयीने बोलूनही गेली, "असू दे हां, बाळ. गेलं बघ."

महाराजांनी डोळे मिटले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी बाळ म्हटलं नव्हतं. मग टेंगूळ चाचपून ते म्हणाले, "वा! या नाण्याची प्रत कोणती?"

चिचुंद्रीबाईंनी भिंग न लावताच सांगितलं, "अस्पर्श, महाराज!"

"आत्ता तर माझ्या कपाळाला लागलं."

"म्हणजे त्याच्याही वर. 'राजस्पर्श'. ही प्रत आत्ताच निघाली."

"पण ते धुतलंय ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"धुतलेलं नाही, उजळलेलं आहे," चिचुंद्रीबाई म्हणाल्या.

नाणं भट्टीतून वाचलं. गोदाक्का हात जोडायला गेली तोवर ते डबीत गेलं होतं. लाख ओतली, मोहोर झाली, आणि डबी कचेरीत उंच चौथऱ्यावर बसली. गोदाक्काला शाल मिळाली. ती तिच्याच अंगावरच्या काट्यांत अडकून पहिल्याच दिवशी फाटली.

चौथ्या दिवशी भेकरवहिनींचं पाडस दगडावर आपटलं. वहिनी धावत आल्या, "अक्का, नाणं!"

"वहिनी, नाणं कुठंय आता?"

दोघी पाडसाला घेऊन कचेरीत गेल्या. डबी उघडायची नव्हती. गोदाक्काने पाडसाला उचललं आणि त्याचं कपाळ डबीच्या काचेला टेकवलं. काच कोमट होती. पाडस रडतच राहिलं.

चिचुंद्रीबाई फडकं घेऊन आल्या आणि काचेवरचा डाग पुसू लागल्या.

तात्पर्य: टेंगूळ यायचंच असेल तर ते राजाला यावं. त्याने नाण्याची प्रत वाढते. इतरांना आलं तर नुसती काच खराब होते.