विश्वजीतचा पाय

शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत विश्वजीतचा पाय तीन वेळा बंद पडला होता. हा पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर. इंग्रजीत त्याचं नावच पाय आहे, त्याला विश्वजीत तरी काय करणार? त्यावर त्याला लहानपणीच्या, हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममधला बेडकाचा खेळ चालवायचा होता, आणि आठवडाभर जागून, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांचे सल्ले वाचून त्याचे डोळे खोल गेले होते.

यात हौस काडीची नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीच्या, म्हणजे कादंबरीच्या, साताऱ्याच्या घराची वास्तुशांत झाली. ऑफिसचं काम आहे असं सांगून विश्वजीत गेला नाही. ते काम म्हणजे विश्रांतवाडीतल्या घरी पंख्याखाली लोळत पडणं होतं, हे कादंबरीला पुढे आईच्याच भाबडेपणामुळे कळलं, आणि तिने भावाशी बोलणं टाकलं. सोमवारी तिचा चाळिसावा वाढदिवस होता. तिचा तो लाडका खेळ चालू करून पाठवला, तर निदान पोचला म्हणून तरी फोन करेल, एवढीच त्याची आशा होती.

तो गॅलरीत उभा राहून मित्राशी फोनवर बोलत होता. मित्र नासिर, त्याचं कसबा पेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आत त्याची आई यमुनाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"पाय तिसऱ्यांदा बंद पडला रे. हात लावला तर चटका बसतोय."

चार्जर कुठला लावलास, असं नासिरने विचारलं. हे तो आठवडाभर विचारत होता. चार्जर ड्रॉवरमधल्या एका मेलेल्या मोबाइलचा होता. पण घरात एक असताना दुसरा आणणं विश्वजीतच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे त्याने तो प्रश्न याही वेळी ऐकला नाही.

"दोन मिनिटं चालतो आणि मान टाकतो. आता उघडूनच बघावा लागेल. नाहीच जमलं तर हा काढून टाकू आणि दुसरा बसवू."

यमुनाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता, विचारलं की तो खेकसायचा. त्यांनी देवघरापाशी जाऊन हळू आवाजात दोन फोन केले.

तासाभरात धानोरीहून कोंडीराममामा आले. अकोल्याहून आणलेल्या तेलाची बाटली त्यांच्या पिशवीत होती. खुर्चीत बसत त्यांनी तळहातावर तेल ओतून घेतलं आणि म्हणाले, "दाखव बरं पाय."

विश्वजीतला भरून आलं. या घरात त्या कॉम्प्युटरची कुणी आपणहून चौकशी केल्याची ही पहिलीच वेळ होती. तो लगबगीने आत गेला आणि दोन्ही हातांत धरून तो घेऊन आला.

"हा घ्या. तेल मात्र लावू नका."

मामांनी त्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं, भाच्याच्या दोन धडधाकट पायांकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. तेल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःच्या गुडघ्याला चोळून घेतलं.

यमुनाबाईंना आता सगळं सांगावं लागलं. दुसरा फोन त्यांनी कादंबरीला केला होता, आणि तिच्या बसने साताऱ्याबाहेरचा आनेवाडीचा टोलनाका कधीच ओलांडला होता.

"तिला नेमकं काय सांगितलंस?" विश्वजीतने विचारलं.

"पाय काढणार आहेत म्हणून."

त्याने घाईने मोबाइल हातात घेतला. आईने तो काढून घेतला.

"फोन करून काय सांगणार? परत जा म्हणून?"

"अगं, खोटं सांगितलं म्हणून तर ती बोलायची थांबली. आता पुन्हा तेच?"

"चौदा महिन्यांनी पोरगी तुझ्यासाठी येतेय. दोन दिवस लंगडायला तुझं काय जातं?"

भांडायला अंगात त्राण असावं लागतं, आणि विश्वजीतचं ते आठवडाभरात संपलं होतं. मामांनी आपल्या दुसऱ्या गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडून त्याच्या पायाला गुंडाळलं. गॅलरी ते स्वयंपाकघर अशा चार फेऱ्या झाल्या. भाचा फार लंगडतो, हे खरं वाटणार नाही, असं मत देऊन मामा घरी गेले.

कादंबरी दोन वाजता आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने आधी पाय मोजले. दोन भरल्यावर ती सोफ्यावर बसली आणि डॉक्टर काय म्हणाले ते आईला विचारलं. थोडक्यात निभावलं, असं आई भाजीत डोकं घालून म्हणाली.

तेवढ्यात टेबलावर विश्वजीतने पुन्हा जोडून ठेवलेल्या स्क्रीनवर बेडूक उगवला, एक उडी मारली आणि गेला.

"हा आपला बेडूक?" कादंबरीने थेट भावाला विचारलं.

"तुझ्यासाठीच करत होतो. सोमवारी पाठवणार होतो. पण टिकत नाही."

तिने वाकून पाहिलं. "कोपऱ्यात विजेची खूण येतेय. वीज पुरत नाहीये त्याला. चार्जर कुठला लावलायस?"

विश्वजीतने ड्रॉवरकडे बोट केलं. तिने पर्समधून स्वतःचा चार्जर काढून लावला. बेडूक आला आणि राहिला. त्यानंतर दीड तास कादंबरी बेडकाला उड्या मारायला लावत बसली. विश्वजीत तिच्यासाठी चहा करायला लंगडत गेला आणि कप घेऊन लंगडत परत आला.

"दादा," स्क्रीनवरची नजर न हलवता ती म्हणाली, "जाताना उजवा लंगडत होता. आता डावा लंगडतोय."

तो कप धरून उभा राहिला. त्याला एकाएकी फार थकवा आला.

"पायाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "आणि वास्तुशांतीच्या वेळी ऑफिसही नव्हतं. चार लोकांत जायचा कंटाळा आला होता मला. तू वाट बघत असशील हे डोक्यातच आलं नाही. नंतर फार वाईट वाटलं."

कादंबरीने बेडकाला दोन विहिरी पार करू दिल्या. मग तिचा फोन वाजला. नवऱ्याला खबरबात हवी होती.

"हो, बघितलं," ती म्हणाली. "पाय वाचेल बहुतेक. पण त्याला एका जागेवरून हलता येत नाहीये हो. सोमवारपर्यंत तरी मला इथे राहावंच लागेल."

फोन ठेवून तिने कप घेतला आणि एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

विश्वजीत दोन्ही पायांवर चालत साखर आणायला गेला.