वाघमारे मॅडम आणि पेट्रोलचा वास

पंपावर गाडी थांबली की वाघमारे मॅडम सगळ्यांना खाली उतरवतात. उतरून जवळ उभं राहायचं नाही. मोबाईल बंद करून हवा भरायच्या मशीनपाशी जायचं. मग त्या स्वतः नळीशेजारी उभ्या राहून पंपावरच्या माणसाची तोंडी परीक्षा घेतात.

"काय भरायलास?"

"पेट्रोल, मॅडम."

"कशावरून?"

तो बिचारा मशीनवरची अक्षरं दाखवतो. मॅडम चष्मा सावरून ती वाचतात. टाकीच्या झाकणाच्या आत त्यांनी लाल रंगानं लिहून ठेवलंय, 'पेट्रोल. डिझेल नाही.' तेही त्याला मोठ्यानं वाचायला लावतात. मागं दुचाकीवाल्यांचे हॉर्न सुरू असतात. एकदा कुणीतरी ओरडलं, "मावशी, गाडी हाय का लेकरू?"

मॅडम वळून म्हणाल्या, "लेकरानं चुकीचं खाल्लं तर ते ओकतं. गाडीला ओकता येत न्हाई."

मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. शाळा जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात. मी आणि पठाण सर परभणीहून रोज त्यांच्याच जुन्या गाडीत जायचो. गाडी मॅडमच चालवायच्या. गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं आणि इशाऱ्यांच्या पानावर इतक्या रेघा मारल्या होत्या, की छापलेलं कमी आणि रेघाच जास्त दिसायच्या. काटा अर्ध्याच्या खाली आला की त्या पंप शोधायला लागायच्या. इंधनाचा पिवळा दिवा मी त्या गाडीत कधी लागलेला पाहिलाच नाही.

"मॅडम, तुमी लय घाबरता," पठाण सर म्हणायचे.

"घाबरते म्हणून तर तुमी दोघं रोज घरी पोहोचता," मॅडम म्हणायच्या.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडं मिळायला लागलं तेव्हा त्यांची झोप उडाली. मेकॅनिककडं जाऊन त्यांनी विचारलं, "जुन्या रबरी नळ्या हे सोसतील का?"

"मॅडम, सारं जग तेच भरायलंय."

"जगाचं राहू दे. माझ्या नळ्यांचं सांग."

शेवटी त्यानं वैतागून नव्या नळ्या मागवल्या. त्या येईपर्यंत मॅडम रोज सकाळी बॉनेट उघडून वास घ्यायच्या. आम्ही मागं उभं राहून हसायचो.

मार्चातली गोष्ट. नव्या नळ्या अजून आल्या नव्हत्या. शाळा सुटली होती, ऊन रणरणत होतं. परभणीकडं निघून पंधराएक मिनिटं झाली असतील. मॅडमनी अचानक गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "उतरा."

"काय झालं?"

"वास यायलाय. पिशव्या राहू द्या. उतरा!"

मला कसलाच वास येत नव्हता. मी डबा शोधायला खाली वाकलो, तर त्यांनी माझा दंड धरून ओढलं. बाहेर पाय ठेवला आणि तो वास नाकात शिरला. उग्र, डोक्यात जाणारा. इंजिनाखाली थेंब पडत होते. डांबरावर ओला डाग होता आणि तो पसरत होता. पठाण सरांचं हसू मावळलं. आम्ही तिघंही बरंच लांब जाऊन ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी थांबलो. याच गाडीत, या थेंबांच्या वर, मी पाय पसरून बसलो होतो.

तेवढ्यात समोरून एक मोटारसायकलवाला आला. गाडी उभी दिसली म्हणून मदतीला थांबला. भला माणूस, पण ओठात पेटलेली सिगारेट. "काय बंद पडली का?" असं म्हणत तो सरळ बॉनेटकडं निघाला.

आम्ही दोघं जागेवर थिजलो. मॅडम मात्र पळाल्या. साडीचा घोळ हातात धरून, गाडीच्या दिशेनं.

"मागं हो! पेट्रोल सांडलंय! मागं हो!"

त्यानं दचकून सिगारेट ओठातून काढली. ती खाली टाकायला त्याचा हात हलला.

"टाकू नको! तिथं टाकू नको!"

मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला तसाच, सिगारेटसकट, ओढत आमच्यापर्यंत आणलं. मोरीपलीकडं ती मातीत विझवली, वर पठाण सरांच्या हातातल्या बाटलीतलं पाणी ओतलं. मग त्या कठड्यावर बसल्या. बसल्या बसल्याच त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

तासाभरानं मेकॅनिक आला. इंजिन गार होईपर्यंत मॅडमनी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. नळी तडकली होती, पेट्रोल तापलेल्या इंजिनाजवळ गळत होतं. "अजून थोडं चालवली असती तर..." म्हणत त्यानं ती नळी आमच्यापुढं धरली.

पठाण सरांनी घरी फोन लावला. तिकडून काय बोलणं झालं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चाचरत म्हणाले, "मॅडम, घरचे घाबरलेत. उद्यापासून आमी एसटीनंच..."

"बरोबर हाय," मॅडम लगेच म्हणाल्या. "मी बी तेच सांगणार होते."

ते एसटीला हात करायला पुढं गेले. मॅडम गाडीकडं बघत हळूच मला म्हणाल्या, "सर, सकाळी तुमी दोघं येऊन गाडीत बसता ना, तवा माझ्या घरापाशी पहिला माणसाचा आवाज होतो. संध्याकाळी तुमाला सोडलं की बंद. सुट्टीच्या दिवशी तर मी तोंडच उघडत न्हाई. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं. पेट्रोलचं काय, नळी बदलली की झालं. त्या दीड वर्षाच्या पुढचं लय भ्या वाटतं."

एसटी आली, आम्ही दोघं चढलो, मॅडम मेकॅनिकपाशी थांबल्या. वाटेत मी पठाण सरांना त्यांचं बोलणं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पठाण सर माझ्याआधीच येऊन ओट्यावर बसले होते. आवाज ऐकून मॅडमनी दार उघडलं. केस अजून ओले होते.

"इकडं कशाला आलात? एसटी चुकंल ना तुमची!"

"चुकू द्या," पठाण सर म्हणाले. "दुसरी येती अर्ध्या तासानं. तिघांचा चहा टाका."